आमसुलाचे हात

पुडीत औषध नव्हतं, अत्तर नव्हतं. पुडीत होती एक वस्ती. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी जिवांची, झोपी गेलेली, दुधाच्या पावडरीसारखी पांढरी. हर्षलाने ती आईच्या हातावर ठेवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर दांडेखारचं बंदर होतं. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगले होते, वाऱ्यावर हलत होते.

"आये, उद्या कॉलेजात माझ्या कार्यक्रमाला यायच्या आधी आंघोळीच्या शेवटच्या तांब्यात हे टाक. अंगावर घे नि पुसू नकोस. तसंच वाळू दे."

हिराबायने पुडी उलटीपालटी केली. "औशद हाय?"

"औषध नाही गं. 'नितळ'. आमच्या कंपनीचं. हल्ली सगळेच लावतात."

"मना वास यते का गो?"

प्रश्न इतका सरळ आला, की हर्षलाला आडोसाच सापडला नाही. "तसं नाही गं..." एवढंच म्हणाली.

"मग कसा?"

हर्षला पुन्हा बोंबलांकडे बघू लागली. मग आईनेच तिला सोडवलं. पदर खोचत हसली. "बरा, लावते. कार्यक्रम तुझा. नवरी तू, नवरीची आय मी. आयनं नटायला नको?"

पलीकडे खाटेवर धर्मा नाखवा बसला होता. हर्षलाचा बाप, एके काळी स्वतःची होडी चालवणारा. काचबिंदूने त्याचे डोळे नेले होते, आणि आता एक दुसरा आजार आठवणी नेत होता, भरतीने वाळूतली पावलं न्यावीत तशा. गावाचं नाव गेलं होतं, भावांची नावं गेली होती, होडीचं नावही गेलं होतं. पण संध्याकाळी हिराबाय बाजारातून आली आणि उंबऱ्यात टेकली, की तो मान वर करायचा, नाक वाऱ्याला लावायचा आणि तरुणपणी बायकोवर स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी गुणगुणायचा:

*वारा सुटला खारा गो, शीड भरला वाऱ्यानं,*
*अंधारात घर घावला धनीनीच्या वासानं.*

मग तिच्या हातून भाकरी खायचा. तिच्याच हातून. दुसऱ्या कुणाचा घास तो तोंडात घेत नसे.

*

'नितळ' बाजारात येऊन फार काळ झाला नव्हता, पण त्याआधी माणसं कशी राहत होती याचा लोकांना विसर पडू लागला होता. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला जाताना लोक बूट पुसायचे तसं नितळ लावायचे. लग्नपत्रिकांत खाली बारीक अक्षरांत 'कृपया नितळ होऊन यावे' असं छापलेलं असे. शहरातल्या सोसायट्यांनी लिफ्टबाहेर पाट्या लावल्या होत्या. कुणी कुणाला हाकलत नव्हतं. फक्त ज्याला वास येतो, त्याच्याभोवती थोडी जागा मोकळी राहायची. त्या मोकळ्या जागेची भाषा हर्षलाला लहानपणापासून येत होती.

घामाला स्वतःचा वास नसतोच म्हटलं तरी चालेल. आपल्या कातडीवर सूक्ष्म जिवांची गावं वसलेली असतात. ती घाम खातात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे उडून नाकात शिरतात. प्रत्येक माणसावरचं गाव वेगळं, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा. नितळमधले जीव कंपनीच्या प्रयोगशाळेत घडवलेले होते. ते अंगावर वस्ती करत, जुन्या गावाला उठवत आणि उडू शकणारा प्रत्येक तुकडा खाऊन त्याचं न उडणारं काहीतरी करून टाकत. हात लागेल त्या कपड्यावर, टोपलीवर, उशीवरही पसरत. एकदा लावलं की झालं. जाहिरातीत म्हटलंच होतं: 'एकदाच. कायमचं.'

त्यातला मासळीच्या वासावरचा भाग, म्हणजे अमाईन खाणारा भाग, हर्षला चोगलेच्या टीमने केला होता. कामाची वाटणी झाली तेव्हा तो भाग तिने मागून घेतला होता. का, ते तिला कुणी विचारलं नाही. तिचे वडील शिपिंगमध्ये होते, असं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं.

*

तालुक्याच्या तिच्याच जुन्या कॉलेजात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. सभागृह तेच, पंखेही तेच, त्यांची करकरही तीच. तिला रसायनशास्त्र शिकवणारे गुप्ते सर आता निवृत्त झाले होते, पण ओळख करून द्यायला मुद्दाम आले होते.

"आमच्या लॅबमध्ये हायड्रोजन सल्फाइडचा वास," सर माइकवर म्हणाले, "म्हणजे सडक्या अंड्यांचा. आर्ट्सची मुलं व्हरांड्यातून नाक धरून पळायची. आणि ही मुलगी, मी कितीही ओरडलो तरी, तिथल्याच कोपऱ्यात डबा खायची! मी तेव्हाच म्हटलं, ही केमिस्ट होणार."

सभागृह हसलं. हर्षलाही हसली. तिच्या डब्यात सुकटाची चटणी असायची आणि अख्ख्या कॉलेजात तो डबा उघडता येईल अशी ती एकच जागा होती, हे सरांना कधीच कळलं नव्हतं. रसायनशास्त्राच्या प्रेमात ती पडली ती सूत्रांमुळे नाही. त्या एका खोलीत सगळ्यांनाच वास यायचा, म्हणून.

एक मुलगा उठला. "मॅडम, माझा मामा म्हणतो, बी.एस्सी. केमिस्ट्री म्हणजे शेवटी एमआयडीसी, पायात गमबूट आणि रात्रपाळी. खरं आहे का?"

"गमबूट मीही घातलेत," हर्षला म्हणाली. "पण मामाला सांग, औषधाची गोळी, साखर कारखान्यातली तपासणी, साडीचा रंग, नळाचं पाणी, आईस्क्रीममधला आंबा, सगळ्यांच्या मागे एक केमिस्ट उभा असतो. आणि केमिस्ट्री फक्त कारखान्यात नसते. मासळीला वास का येतो? मासा मेला की त्यात ट्रायमिथाइल अमाईन तयार होतं. ते उडतं आणि आपल्या नाकात येतं. वास म्हणजे तरी काय? उडून आलेला पदार्थाचा कण. आता त्यावर लिंबू पिळा. आम्ल आणि अमाईन भेटले की त्यांचं मीठ बनतं. मीठ उडत नाही. वास आहे तिथेच असतो, पण कोंडलेला."

पहिल्या रांगेत हिराबाय बसली होती. अबोली रंगाचं लुगडं, नाकात मोरणी. तिने मांडीवरचे आपले दोन्ही तळवे उताणे करून पाहिले आणि स्वतःशीच हसली. शेजारी प्राचार्यांच्या पत्नी अगदी चिकटून बसल्या होत्या. मध्ये मोकळी जागा नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर हर्षलाने आईच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगितलं, "ही माझी आई." त्या इमारतीत हे वाक्य तिने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की त्या हलकेपणाचीच तिला किंचित लाज वाटली. पण ती तिने झटकून टाकली.

*

संध्याकाळी हिराबाय उंबऱ्यात टेकली. धर्माने मान वर केली नाही.

"धनी, मी आली."

"कोन हाय?"

"कोन म्हंजे? मी. हिरा."

धर्माने नाक वाऱ्याला लावलं. थांबला. पुन्हा लावलं. मग खाटेवर मागे सरकत भिंतीला टेकला. "कोन हायस तू? माझ्या घरात कशी शिरलीस?"

"अवो, असा काय करता?" ती भाकरीचा घास घेऊन पुढे झाली. त्याने हात असा झटकला की घास मोरीपर्यंत गेला.

"आवाज तिचा काढलास," तो म्हणाला, "वास कुठून आनशील?"

हिराबायने पोरीकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता, नुसती विचारणा होती. हर्षलाला दोष परवडला असता.

तिला सगळं माहीत होतं, हीच तर गोम होती. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत बऱ्याच चौक्या ओलांडून आठवणींपाशी पोचतं. वासाला चौक्या कमी. तो जवळजवळ थेट आठवणींच्या दारात जातो. बाकीच्या वाटा बुजत गेल्या तरी ही पायवाट कधीकधी शेवटपर्यंत उघडी राहते. बापाची ती एकच पायवाट उरली होती. ती आपण, आपल्या हाताने, एका पुडीने बुजवली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. चहात बुडवलेली बिस्किटं धर्मा स्वतःच्या हाताने खायचा, तेवढंच. शेजारणींनी घास पुढे केले, तर तो ओठ मिटून घ्यायचा. हिराबाय बोंबलांच्या काठ्यांखाली तासन्‌तास बसून यायची, खारं पाणी अंगावर घ्यायची. उपयोग काय! अंगावरची वस्ती सगळं खाऊन टाकायची. खाटेवरच्या माणसाच्या गळ्याची हाडं वर येऊ लागली.

"हारवलीय ती," तो दिवसभर म्हणायचा. "बाजारात गेली ती आलीच नाय. कुनी बघा रे तिला." आणि हिराबाय त्याच्या समोर, हाताच्या अंतरावर बसून ते ऐकायची.

एकदा तिने पोरीला नुसतं विचारलं, "हर्षू, लावलेला काडता नाय का यत गो?"

*

काढता येत होतं. असा कुठलाही जीव प्रयोगशाळेबाहेर सोडायचा तर त्याला मारणारा उतारा आधी बनवावा लागतो, तसा नियमच होता. उतारा तयार होता आणि कुलपात होता.

"बाहेर कसा देऊ?" पै मॅडम म्हणाल्या. त्या हर्षलाच्या वरिष्ठ. वाईट नव्हत्या. "उद्या लोक विचारतील, कायमचं म्हणता, मग उतारा कशाला? हवाच असेल तर सुरक्षा समितीपुढे ये. सगळ्यांसमोर कारण सांगावं लागेल. तुझी टीमही असेल. बघ बाई, अमाईनचं काम तुझंच. नाव खराब होईल ते तुझं."

समितीच्या काचेच्या खोलीत हर्षला उभी राहिली. 

"कुणासाठी हवा आहे?"

"आईसाठी."

"त्यांचा व्यवसाय?"

समोर तिची टीम होती, जिला शिपिंग माहीत होतं. "सुकी मासळी विकते. डोक्यावर टोपली घेऊन, दारोदार. वडील होडीवर होते. शिपिंगमध्ये नव्हते."

कुणीतरी ते टिपून घेतलं. कुणीतरी पाण्याचा घोट घेतला. बस्स. एकाही चेहऱ्यावर काही हललं नाही. जिला घाबरून तिने अर्धं आयुष्य काढलं, त्या गोष्टीकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. मग एवढं सगळं कुणापासून लपवत होते मी, असा प्रश्न तिला लिफ्टमध्ये पडला, आणि उत्तर लिफ्टच्या आरशात उभं होतं.

*

उताऱ्याने आंघोळ घातल्यावर हिराबायची कातडी लाल झाली, सोलवटली. पण नुसतं नवं गाव उठवून भागणार नव्हतं. जुनं गाव वसवायला हवं होतं आणि त्याचं बी कुठे शिल्लक आहे ते शोधायला हवं होतं. घरातल्या प्रत्येक कपड्यावर नितळ पसरलं होतं.

मासळी सुकवायच्या मांडवात, खिळ्यावर, हर्षलाला चुंबळ सापडली. टोपलीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची वेटोळी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी टांगलेली ती तशीच होती. वर्षानुवर्षांचा घाम, खोबरेल आणि खारं पाणी पिऊन काळी पडलेली, कडक झालेली. तिने ती प्रयोगशाळेत नेली, कापडातले जीव वाढवले, घरातले कपडे उताऱ्याने धुतले, आणि त्या जिवांचं बी आईच्या अंगावर पेरलं. हिराबाय पुन्हा टोपली घेऊन बाजारात जाऊ लागली. काही आठवड्यांत हर्षलाचं यंत्र म्हणालं, जुनं गाव परत वसलं. कागदावर सगळं जुळत होतं.

हर्षलाला मात्र स्वतःला काही सांगता येईना. बरोबर आहे का हा वास? हाच होता का? ती आईजवळ जाऊन हुंगू लागली आणि तिच्या लक्षात आलं, की पडताळायला तिच्याकडे काहीच नाही. आईचा वास तिने कधी घेतलाच नव्हता. त्याचं सूत्र तिला पाठ होतं.

त्या संध्याकाळी हिराबाय उंबऱ्यात टेकली. धर्माने नाक वाऱ्याला लावलं. बराच वेळ लावून राहिला. दोघी श्वास धरून उभ्या.

"मासली हाय," तो म्हणाला. "ती नाय."

"आबा, तीच आहे!"

"धक्क्यावरच्या समद्या बाया अशाच वासाच्या. हिच्यात आंबट कुठं हाय?"

"आंबट?" हर्षला गोंधळली. चुंबळीत आंबट काही नव्हतं. यंत्राने दाखवलं नव्हतं. "आये, कसलं आंबट?"

चोरी पकडल्यासारखी हिराबायने मान खाली घातली. मग आत गेली, फळीवरची बरणी काढली आणि चार आमसुलं भिजवून हातांवर चोळू लागली. तळव्यांवर, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, मनगटापर्यंत. सराईत हात होते ते. काळपट लाल पाणी मोरीत गळत राहिलं.

"हे तू कधीपासून करतेस?"

"जुना हाय. आता वास परत यावा म्हनून सोडला व्हता."

"आये, सांग ना."

"तू शालंत जायला लागलीस तवा," हिराबाय हातांकडे बघत म्हणाली, "एकदा वेनी घालीत होते तुझी. तू मान काडून घेतलीस. म्हनालीस, हात नको लावू, बाई मना मागं बसवतात. मग म्या रोज घरात शिरायच्या आदी चोलायला लागले. आमसुलानं जरा कमी होते. त्या दिवशी तू भाषनात सांगितलास ना, कोंडते म्हनून? मना हसू आला. म्हटलं, माझ्या पोरीला कलला का काय!"

हर्षलाला ते वेणीचं आठवत नव्हतं. आठवणीतसुद्धा नसलेल्या एका वाक्याचं हे एवढं मोठं आयुष्य झालं होतं.

"पण मी तर कधीच गेले इथून," ती कशीबशी म्हणाली. "कॉलेज झालं, नोकरी लागली. मी सहा-सहा महिने येत नव्हते. तरी रोज?"

"तू कवा येशील काय सांगावा?"

हिराबायने हे अगदी साधेपणाने म्हटलं आणि ओले हात पदराला न पुसता बाहेर गेली.

हर्षला मोरीपाशीच उभी राहिली. बाहेर खाट करकरली. भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग कितीतरी दिवसांनी तो म्हातारा, फाटका आवाज:

*वारा सुटला खारा गो...*

"कुठं होतीस गो इतके दिस?"

"बाजारात," हिराबाय म्हणाली. "गिऱ्हाईक सोडीत नव्हता. तोंड उघडा, घास घ्या."

त्याने तोंड उघडलं.

हर्षला हळूच दारात आली. तिने चौकट धरली आणि छाती भरून श्वास घेतला, पोटापर्यंत. खारट, उग्र, खोबरेलाचा, धुराचा, आणि त्या सगळ्यांच्या कडेने जाणारी आमसुलाची आंबट रेघ. तर हा. हा होता तो. तिने पुन्हा घेतला. नाक चोंदलं होतं, डोळे गळत होते, आणि श्वासाचा आवाज त्या छोट्या घरात भात्यासारखा होत होता.

धर्मा चावता चावता थांबला. कान दाराकडे लागले.

"दारात कोन हाय?"

"कोन असनार? आपली हर्षू," हिराबाय म्हणाली.

धर्माने मान हलवली. नाही, नाही.

"हर्षू नाय ती. हर्षू दारात आली का श्वास बंद करते. मना ऐकू यते. ल्हान होती तवापासून." मग घास गिळून, पाहुण्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो बायकोला म्हणाला, "ही दुसरीच कोनतरी हाय. लांबून आलेली दिसते, धाप लागलीय तिला. बसव गो तिला. पानी दे."

हिराबायने मागे वळून पोरीकडे पाहिलं. हर्षलाला ठाऊक होतं, आता एकदाच, क्षणभरच श्वास रोखला, तर बाप तिला नावाने हाक मारील.

तिने तो रोखला नाही. ती पुढे झाली, खाटेच्या पायथ्याशी, आमसुलाचं पाणी ठिबकलेल्या जमिनीवर बसली, आणि कुणी परकी बाई बसेल तशी अंग चोरून, मोठमोठ्याने श्वास घेत राहिली.